पन्नास मानाचे टॉवेल

नारपोली, भिवंडी
२ डिसेंबर १९७४

केसरी,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारतात म्हणून विचारते. तू बरा असशीलच. विद्यापीठाच्या कचेरीत डोक्यावर पंखा असतो आणि माठातलं पाणी शिपाई आणून देतो, हे तूच सांगितलं होतंस. भाऊबीजेला आला नाहीस. मी पाट मांडला होता. दुपार टळल्यावर उचलला.

आता कामाचं लिहिते. आठ दिवसांपूर्वी आमच्या बाळारामशेठच्या नावानं रजिस्टर टपाल आलं. शेठचं वाचन सहीपुरतं, म्हणून शेडमध्ये सुताच्या कांड्या भरताना मला हाक मारली. आत तुमच्या विद्यापीठाची नोटीस होती. पिंपळपान आणि त्यात सात वातींची समई हे विद्यापीठाचं नोंदलेलं चिन्ह आहे, ते टॉवेलवर विणून विकणं हा गुन्हा आहे. सगळा माल आणि नमुना जमा करा, नमुना कोणी केला त्याचं नाव द्या, वर्तमानपत्रात जाहीर माफी मागा. नाहीतर कोर्ट. खाली कुलसचिवांची सही होती. पाकिटावरचा पत्ता मात्र तुझ्या हातचा. तुला अक्षर गिरवायला मी बसवलं, मला ते ओळखायला किती वेळ लागणार?

शेठ तुझ्या भावजींना म्हणाला, "चांगदेव, डिझाइन तू आनलास, नाव तुझाच देनार. मी धंद्याचा मानूस. पिंपळ कोनाचा नि समई कोनाची, मना काय ठाव?" त्या दिवसापासून यांना लूमवरून उतरवलंय. रोज शेडमध्ये जातात, कोपऱ्यात बसतात, शिफ्ट सुटली की घरी येतात.

तुझी कामं वाढली असतील, म्हणून आठवण करून देते. दोन वर्षांपूर्वी तू बी. ए. झालास. अकलोलीत पहिलाच. घरात कार्य झालं की घरटी टॉवेल-टोपीचा मान द्यायचा ही आपली रीत. तू म्हणालास, साधा टॉवेल कशाला, विद्यापीठाचाच देऊ. पदवीच्या कागदावरून ते पान आणि समई तूच चौकटींच्या कागदावर उतरवलीस. तीन रविवार आमच्या खोलीत पालथा पडून काढत होतास. यांनी एकेक चौकट मोजून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडली आणि ते पत्ते लूमवरच्या नक्षी विणणाऱ्या जाकार्डावर चढवले. यांना अक्षर वाचता येत नाही, पण तुझं चिन्ह यांनी बरोबर वाचलं. मी तेव्हा विचारलं होतं, विद्यापीठ रागावणार नाही ना? तू म्हणालास, "बाय, आमचं चिन्ह गावोगाव दिसलं तर खूशच होतील." आमचं म्हणालास. नोकरीला लागून तुला तेव्हा दोन आठवडे झाले होते.

पन्नास टॉवेल विणले. नंतर शेठनं नमुना पाहिला आणि बाजारासाठी काढायला लावला, त्यात यांचा काय दोष?

मला एवढंच हवंय. तू तुझ्या साहेबांना सांग की कागद मी दिला, चांगदेवनं चोरला नाही. हे म्हणतात, "त्याला लिव नको. मार्चमधी त्याची नोकरी कायम व्हायची हाय." म्हणून हे पत्र त्यांना न सांगता टाकते आहे. तुझ्या खोलीच्या पत्त्यावर टाकते, कचेरीच्या नाही.

तुझी बाय
गोदू

नारपोली
१९ डिसेंबर १९७४

केसरी,

तू येणार हे आधी कळवलं असतंस तर मी शेडमध्ये आले नसते.

काल दोन साहेब आणि मागे फाइल धरून तू. मी कांड्यांच्या टोपलीपाशी होते. तुझा बूट टोपलीला लागला. तू "सॉरी" म्हणालास आणि पुढे गेलास. तू अंगानं भरला आहेस, हे मला आधी दिसलं. बाकीचं मागून.

पंचनामा तू लिहीत होतास. यांना समोर उभं करून साहेब प्रश्न विचारत होते आणि तू उतरवून घेत होतास. नाव? चांगदेव भोईर. वय? बेचाळीस असेल. शिक्षण? यांनी नकाराची मान हलवली. साहेब म्हणाले, "लिहा, अशिक्षित." तू लिहिलंस. याच माणसाच्या खोलीत तू सहा वर्षं राहिलास. संध्याकाळी खोली मोकळी राहून तुझा अभ्यास व्हावा म्हणून यांनी कायमची दुसरी शिफ्ट मागून घेतली होती. मला राग यायला हवा होता. आला नाही. इंजेक्शन दिल्यावर दात काढताना नुसती ओढ कळते, तसं काहीतरी होतं.

साहेबांनी गोष्ट सांगितली ती ऐकून शेडमधली माणसं हसली. तुमचे कोणी बडे प्राध्यापक बायकामुलांसह अकलोलीच्या गरम कुंडांवर अंघोळीला आले. बघतात तो कुंडावरच्या दहा-बारा बाप्यांच्या कमरेला विद्यापीठ! एकाच्या तर बरोबर मागे समई. कोणीतरी ते वर्तमानपत्रात लिहिलं, 'पदवी आता कमरेला' असं. साहेब म्हणाले, "आज कमरेला आहे, उद्या कोणी बूट पुसेल. शंभर वर्षांनी नाव होतं आणि एका दिवसात हसं होतं." तेही खोटं नाही. आपल्या नावाची कोणी अशी टिंगल केली तर आपणही भांडायला जाऊ. मला त्या साहेबांचा राग नाही, हे तुला सांगून ठेवते.

तुम्ही जाकार्डावरचे पत्ते उतरवलेत. सुतळीनं बांधताना तू गाठ सैल मारलीस, यांनी ती सोडून घट्ट मारून दिली.

तेवढ्यात ताणा भरणारा रामनाथ मोठ्यानं म्हणाला, "अरे चांगदेवभाई, ये तो अपना केसरी है ना? तुम्हारी ही खोली में रहता था!" साहेबांनी वळून पाहिलं. तू फाइलमध्ये बघत होतास. तुझे भावजी म्हणाले, "नहीं रे. वो दूसरा था."

मी तुला पाणी दिलं, तू प्यायलास, भांडं खाली ठेवलंस. घरी आल्यावर हे म्हणाले, "पोरगा दारात मागं वळून बघत व्हता." मी म्हटलं, मला नाही दिसला. खरंच नाही दिसला.

जाताना साहेब आणखी एक सांगून गेले. बाजारातला माल तर जमा करायचाच, पण अकलोलीत वाटलेले पन्नासही परत आणायचे. एकही बाहेर राहता कामा नये. हे ऐकताना तू होतास. मान म्हणून दिलेली वस्तू परत मागणं म्हणजे काय, ते त्या साहेबांना नसेल माहीत. तुला आहे.

माझ्या पहिल्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. पोचलं ना?

गोदूबाय

अकलोली
१२ जानेवारी १९७५

केसरी,

आईच्या घरून लिहिते आहे. चार दिवस इथेच आहे. टॉवेल गोळा करते आहे.

आईला खरं सांगितलं नाही. मालात खोट निघाली म्हणून शेठनं परत मागवला, असं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या लेकाच्या मानात कंची खोट?" तिचा तिनं दिलाच नाही. ट्रंकेच्या तळाशी आहे, मला माहीत आहे. मी विचारला नाही.

पहिल्या दिवशी धोंडूबाईकडे गेले. ती ओट्यावर उभी राहून म्हणाली, "दिलेला मान कोन परत घेतो गो गोदू? आमी काय चोरी केली का? का केसरी मोटा झाला नि आमी लहान झालो?" मी म्हटलं, तसं नाही मावशी. मालात खोट आहे, शेठनं परत मागवलाय. तिनं टॉवेल ओट्यावरून खाली टाकला. मी वाकून उचलला. त्यानंतर प्रत्येक दारात मी तेच शब्द म्हटले आणि प्रत्येक दारात तेच ऐकलं. तिसऱ्या-चौथ्या घरानंतर मला माझाच आवाज दुसऱ्या कोणाचा वाटायला लागला.

गुणाबाईनं मात्र धुऊन, उन्हात वाळवून, घडी घालून दिला. वर सुपारी ठेवली. म्हणाली, "मान परत करायचा तर रीतीनं करावा." केसरी, शिव्या परवडल्या रे. तिच्या दारातून निघाले आणि कुंडापर्यंत रडत गेले. या सगळ्यात तेवढं एकदाच रडू आलं, म्हणून लिहिते.

मैनाच्या पोरीची झोळी टॉवेलाची होती. पोर उतरवून दिली. काहींची पोतेरी झाली होती, तीही घेतली. तुमच्या चिन्हाची समई राखेनं माखलेली, पण साहेबांना सगळी हवीत. अनंताकाकाचा मिळाला नाही. तो श्रावणात गेला, तेव्हा त्याच्या पोरांनी तो अंगावर घालून नेला. मुलगा म्हणाला, "बाबांचा जल्मात मोटा मान तोच हुता, मंग तोच घातला." त्याचं विद्यापीठाला काय लिहून द्यायचं? 'जळाला' असं लिहिलं. कसा ते लिहिलं नाही.

त्रेचाळीस झाले; आईचा आणि काकाचा सोडून बाकीचे पाच फाटून संपले. गाठोडं बांधलंय.

काल पाण्यावर कोणी आईशी बोललं नाही. ती घागर रिकामी घेऊन आली. म्हणून तिला नारपोलीला नेते आहे. एका खोलीत तिघं राहू. तू होतास तेव्हाही तिघंच होतो.

एक ओळ पाठव. आईसाठी म्हणून पाठव, माझ्यासाठी नको.

गोदूबाय

नारपोली
३ फेब्रुवारी १९७५

केसरी,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं ते पाच ओळींचं. खाली सही नाही. तू लिहितोस, भावजींनी विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे सांगावं की वर्तमानपत्रातल्या चित्रावरून नमुना घेतला. माझं नाव कुठेही येऊ नये. मार्चमध्ये कायम होणार आहे, मग सगळं भरून काढीन. चौकटींचा कागद असेल तर नष्ट करावा. हे पत्र वाचून जाळावं.

आई कशी आहे, हे तू विचारलं नाहीस. बरी आहे. लूमच्या खडखडाटात तिला झोप लागत नाही, एवढंच.

तुझं वाचून मी ट्रंक काढली. खरं सांगू? कागद जाळायला नव्हते शोधत. गाठोड्याबरोबर तो तुमच्या समितीपुढे ठेवायचा, असं माझ्या मनात होतं. तू काढलेली रेघ न् रेघ त्यावर आहे, कोपऱ्यात तुझं नाव आहे. ट्रंकेत मिळाला नाही, फडताळात नाही, यांच्या हत्यारांच्या डब्यात नाही. शेवटी यांना विचारलं.

"जाळला," म्हणाले.

"कधी?"

"नोटीस आली त्याच दिवशी. तू शेठला वाचून दाखवत व्हतीस तवाच समजला मना."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तू भांडली असतीस. तुजा भाव हाय."

म्हणजे तू लिहायच्या दोन महिने आधीच तुझं काम झालं होतं. तुला सांगावंही लागलं नाही. हा माणूस अशिक्षित आहे, तू लिहिलंस तसा.

आता कागद नाही, तेव्हा तुझ्या विरुद्ध पुरावा काही उरला नाही. फक्त मी आहे. शेठतर्फे नोटिशीचं उत्तर मी लिहिलं होतं, ते अक्षर कोणाचं असं समितीनं विचारलं, म्हणून मलाही बोलावणं आलंय. अठरा तारखेला दोघं येतो आहोत. शेठही आहे.

मी तिथे काय बोलेन ते मला आज माहीत नाही. धमकी समजू नकोस. माझं सासर आणि माहेर एकाच कागदावर आणून ठेवलंस तू, आणि एकावर काट मारायला सांगतो आहेस. माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस, हे विचारणार होते. नाही विचारत.

तू स्वतःहून बोललास तर मला बोलावं लागणार नाही. अजून पंधरा दिवस आहेत.

गोदू

नारपोली
२० फेब्रुवारी १९७५

केसरी,

तू सगळं पाहिलंस आणि लिहूनही घेतलंस. तरी माझ्या बाजूनं कसं दिसलं ते लिहिते. तुझ्या कागदात ते आलेलं नाही.

लांब टेबल, पलीकडे तीन साहेब, बाजूला लहान टेबलाशी तू. आमचं गाठोडं सोडून शिपायानं एकेक टॉवेल मोजला. राखेचा डाग असलेले त्यानं चिमटीत धरले. गुणाबाईच्या टॉवेलावरची सुपारी मी आधीच काढून घेतली होती.

मधले म्हातारे साहेब सभ्य होते. आम्हाला खुर्च्या दिल्या. म्हणाले, "बाई, आम्हाला कोणाचं वाईट करायचं नाही. पण लोकांच्या मनात विद्यापीठाचं एक चित्र असतं. ते मळलं की धुता येत नाही." यांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, वर्तमानपत्रातल्या चित्रावरून नमुना घेतला. चांगलं म्हटलं. वाटेत एस.टी.मध्ये ते पुटपुटत होते.

मग चष्म्यावाले साहेब बोलले. त्यांनी टॉवेल उजेडाला धरला आणि म्हणाले, "हे शक्य नाही. वर्तमानपत्रात समईच्या वाती दिसतही नाहीत. इथे सातही आहेत. पदवीच्या मूळ कागदावरूनच हे उतरवलंय. म्हणजे आतल्या कोणीतरी मदत केली." आणि यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "तसं असेल तर या कामगाराचा काही दोष नाही. ते सरळ घरी जातील, कामावरही राहतील. आम्हाला आतला माणूस हवा आहे. बाई, या कचेरीत तुमच्या नात्यातलं कोणी आहे का?"

तुझं पेन थांबलं.

मी लगेच उत्तर दिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. मी पाणी मागितलं. शिपायानं आणलं. मी ते सावकाश प्यायले, भांडं पूर्ण संपवलं. तहान नव्हती मला. एवढ्या वेळात माणूस खुर्चीतून उठून उभा राहू शकतो. एक वाक्य बोलू शकतो. मी तुला तेवढा वेळ दिला, केसरी. लहानपणी कुंडात उतरायला तू घाबरायचास तेव्हा काठावर थांबायचे, तेवढाच.

तू मान वर केली नाहीस.

मी म्हटलं, "न्हाय. कोनी न्हाय."

तू ते लिहिलंस. मग रीतीप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलंस, 'सदर कार्यालयात माझे नात्यातील कोणीही नाही.' तुझा आवाज स्वच्छ होता. साहेबांनी विचारलं, बरोबर आहे? मी म्हटलं, बरोबर. सही केली.

का म्हटलं, ते तुला कळावं म्हणून थोडं सांगते. तुझी माया आली म्हणून नाही. यांनी दोन महिने कोपऱ्यात बसून तुला झाकलं होतं, शेडभर माणसांसमोर 'वो दूसरा था' म्हणाले होते. त्यांचं ते एवढं सगळं मी एका शब्दात वाया घालवायचं, हे मला जमलं नाही. तुझ्यासाठी नव्हतं ते.

पुढचं भराभर झालं. माफीचा कागद आधीच टाइप करून ठेवलेला होता. 'मी अशिक्षित असून अज्ञानापोटी विद्यापीठाच्या चिन्हाची चोरी केली.' यांनी सही केली. तूच शिकवलेली सही, एकेक अक्षर सुटं. ती माफी आज वर्तमानपत्रात आली आहे, नावागावासकट.

मग म्हातारे साहेब टॉवेलावरून हात फिरवत म्हणाले, "काम मात्र सुबक आहे हं." आणि बाळारामशेठला थांबायला सांगितलं. काल शेठ पेढे घेऊन आला. विद्यापीठानं त्याला परवानगी दिली आहे, पदवीदानाला पाहुण्यांच्या गळ्यात घालायची उपरणी विणायची. तेच पान, तीच समई, तेच पत्ते. अट एकच, त्या लूमवर चांगदेव भोईर नको. शेठ यांना म्हणाला, "माजा काय इलाज? कागदावर हाय तसा." पेढा मी घेतला. न घेऊन काय होणार होतं? गोड लागला नाही, कडूही लागला नाही.

हे उद्यापासून दुसऱ्या शेडमध्ये जातात. साध्या ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या कोऱ्या कापडावर. त्याला नमुना नसतो, बघायलाही काही नसतं, धागा तुटला की जोडायचा. आज दिवसभर त्यांनी बोटं नुसती एकमेकांवर घासली.  

मार्चमध्ये तू कायम होशील. भरून काढीन म्हणाला होतास, ते राहू दे. दिवाळीला, भाऊबीजेला येऊ नकोस. मी रागानं नाही लिहीत. तुमच्या कागदावर माझी सही आहे, आणि मी सही केलेलं मोडत नाही.

परवा आम्ही घरात शिरलो तेव्हा आई उंबऱ्यातच बसून होती. चपला काढायच्या आत म्हणाली, "केसरी दिसला का गो? बरा हाय ना?"

मी म्हटलं, "न्हाय आई. कोनी न्हाय दिसला."

दुसऱ्यांदा म्हणताना मला पाणी मागावं लागलं नाही.

गोदावरी चांगदेव भोईर